बाबा सगळ्यालेच ‘हाव’ (म्हणजे हो) म्हणतेत: इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचं अफेजिया प्रकरण

घरच्यांना विचारून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून धंदा, आकडे, नाती यातलं थोडं बदललंय, पण घडलं कसं आणि निर्णय कुठे कुठे घ्यावे लागले ते जसंच्या तसं आहे. मी नागपुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि बोलणं गेलं म्हणजे डोकं गेलं हा समज घराघरात किती नुकसान करतो ते रोज बघते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतेय.

पार्श्वभूमी

काका, म्हणजे माझे पेशंट, पासष्टीच्या पुढचे. इतवारीत ठोक किराण्याचं दुकान, वडिलांपासूनचं, आणि कळमन्याकडे एक गोडाऊन. शिक्षण मॅट्रिक, पण हिशोब सगळा तोंडी, सवायकी-दीडकी (सव्वा आणि दीडचे पाढे) पाठ असलेल्या पिढीतले. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, दुकानात मात्र हिंदी कारण दलाल, हमाल, बाहेरगावचे व्यापारी सगळे हिंदीतच बोलतात, आणि इंग्रजी फक्त बिलावर वाचण्यापुरती. मोठा मुलगा दुकानात बसतो, धाकटा पुण्याला आयटीत. घरी काकू, मोठी सून, दोन नाती.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस सकाळी उठले तेच उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बंद. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. नागपूरचा जून, आदल्या दिवशी काका भर दुपारी गोडाऊनला जाऊन आलेले, त्यामुळे कुणालाही तसंच वाटलं असतं. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजायचा प्रयत्न केला, ते ठसकले, मग दुपारी हॉस्पिटल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि काका तर झोपेतूनच तसे उठलेले, लकव्याचा झटका नेमका कधी आला तेच कळेना, तर ते इंजेक्शन काही मिळालं नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात रक्तपुरवठा तुटलेला दिसला.

डिस्चार्ज कार्डावर ‘ब्रोकाज अफेजिया’ एवढे दोनच शब्द होते आणि त्यांचा अर्थ घरच्यांना कुणी बसवून सांगितला नव्हता.

हा अफेजिया कसा असतो ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अफेजिया म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं, आणि ब्रोकाज प्रकारात समज बरीच राहते पण बोलणं अडतं. 1861 मध्ये पॅरिसजवळच्या हॉस्पिटलात पॉल ब्रोका या सर्जनकडे लबॉर्न नावाचा पेशंट आला, त्याला कितीतरी वर्षांपासून ‘टॅन’ एवढंच बोलता यायचं. तो गेल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला, डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली, ती गोष्ट पुस्तकात सगळे वाचतात. पण त्याच टिपणात ब्रोकाने आणखी एक लिहून ठेवलंय ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. लबॉर्नला विचारलं इथे किती वर्षं झाली, तर त्याने डावा पंजा चारदा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. म्हणजे एकवीस, आणि ते बरोबर होतं! जिभेवर एक शब्द नाही पण मोजणी पक्की. दीडशेच्या वर वर्षं झाली या गोष्टीला आणि आपल्याकडे अजून असा माणूस घरात आला की लोक त्याच्यासमोरच बोलतात, ‘यायले आता काही समजत नाही’.

अडचण कुठे होती

जुलै संपता संपता मोठा मुलगा आणि सून काकांना घेऊन माझ्याकडे आले. थेरपी सुरू करायची होती हे खरंच, पण खरी घाई दुसरीच होती. ओळखीतल्या एका व्यापाऱ्याने सांगितलं होतं की काकांकडून त्याचे साडेतीन लाख येणं आहे, तोंडी व्यवहार, कागद नाही. मोठ्याला वाटत होतं गोडाऊन विकून ते देऊन टाकावे आणि दवाखान्याचं कर्जही फेडावं. त्यासाठी त्याने कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे काकांच्या वतीने सगळे व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदाचा, मसुदा वकिलाकडून करून आणला होता, काकांचा अंगठा तेवढा बाकी. धाकटा पुण्याहून फोनवर सारखं म्हणत होता की बाबांना सगळं समजतं, तू त्यांना फसवून राह्यला. दोघं भाऊ बोलेनासे झालेले, काकू मधल्या मध्ये रडकुंडीला.

मोठ्याने माझ्यासमोर वडिलांना विचारलं, ‘बाबा, त्यायले आपण पैसे देणं आहे का त्यायनं आपल्याले देणं आहे?’ काका म्हणाले, ‘हाव… हाव ना.’ मग त्याने उलटं विचारलं. पुन्हा ‘हाव ना.’ तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघा मॅडम, सगळ्यालेच हाव म्हणतेत. बाबाचं डोकंच गेलं.’

हे तो चिडून नाही म्हणाला, त्याचे डोळे भरले होते. या मुलाला लोभी ठरवायचं मला अजिबात मनात नाही, दुकान, दवाखाना, नाती सगळं एकट्याच्या अंगावर पडलेलं आणि वडिलांशी बोलायचा रस्ताच बंद झालेला.

तपासताना काय दिसलं

पहिल्यांदा हो-नाही तपासलं. ‘तुमचं दुकान इतवारीत आहे का?’ ‘हाव.’ ‘तुमचं दुकान सीताबर्डीत आहे का?’ पुन्हा ‘हाव’, पण त्याच वेळी डावा हात जोरात नाही म्हणून हलला आणि चेहऱ्यावर वैताग. अशा जोडीजोडीने बरेच प्रश्न विचारले आणि चित्र स्पष्ट झालं, तोंडातून येणारा ‘हाव’ बेभरवशाचा, हात मात्र जवळजवळ दर वेळी बरोबर. अफेजियात हे नेहमी दिसतं, मनात नाही असतं आणि तोंडातून हो निघतं, आणि माणसाला ते ऐकू येतं, चूक कळते, पण दुरुस्त करता येत नाही. केवढा त्रास होत असेल याचा विचार करा.

मग समज. घरातल्या वस्तू, भाज्या, किराणा, चित्रं दाखवली तर पटापट बोट ठेवलं. ‘आजी भाकरी खाते’ असं साधं वाक्य बरोबर, कारण भाकरी काही आजीला खाणार नाही, शब्द कळले की अर्थ आपोआप लागतो. पण ‘मुलाने मुलीला ढकललं’ आणि ‘मुलाला मुलीने ढकललं’ ही दोन चित्रं समोर ठेवली तिथे गाडी अडकली, कधी बरोबर कधी चूक, निव्वळ अंदाज. मराठीत कोणी कोणाला हे सगळं ‘ने’ आणि ‘ला’ यावर टांगलेलं असतं आणि या प्रकारच्या अफेजियात नेमकं तेच हातातून सुटतं. बोलतानाही काका प्रत्यय गाळायचे, ‘दुकान… चावी… मोठा… देणे’ असं.

आता मोठ्या मुलाचा प्रश्न पुन्हा वाचा. आपण त्यांना, त्यांनी आपल्याला. ज्या एका गोष्टीत काका पक्के अडकत होते नेमका त्याच गोष्टीवर उभा असलेला प्रश्न, तोही दोन पर्याय एका दमात. याला उत्तर देणं काकांना शक्यच नव्हतं, आणि त्यावरून निष्कर्ष निघाला की डोकं गेलं.

शेवटी आकडे. कागदावर लिहून दिलं, 12 क्विंटल, भाव 4,250. काकांनी डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरात 51,000 लिहिलं, मला मोबाइल काढावा लागला. 65 मधून 40 आणि 40 मधून 65 असं दोन्ही दिलं. पहिल्याला 25. दुसऱ्यालाही 25 लिहिलं पण अलीकडे उणेची रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं, जणू विचारत होते, घाटा दाखवून राह्यली का बाई. म्हणजे कोणातून कोण वजा होतं हे त्यांना नीट कळत होतं, फक्त ते वाक्यात आलं की कळत नव्हतं.

हे नवल नाही. 2005 मध्ये इंग्लंडमध्ये रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी असेच तीन पेशंट अभ्यासले, कोणी कोणाला मारलं हे वाक्यातून ओळखता येईना पण वजाबाकीतला क्रम आणि कंसातली गणितं नीट सोडवायचे. मेंदूसंशोधक एव्हलिना फेडोरेन्को यांच्या एमआरआयच्या प्रयोगांतही मेंदूतले भाषेचे भाग गणित करताना फारसे कामाला लागत नाहीत असं दिसलंय. रशियन संगीतकार शेबालिन यांना झटक्यानंतर जबर अफेजिया झाला तरी ते संगीत रचत राहिले, लुरिया या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्यावर 1965 मध्ये लिहिलं. आपल्याला वाटतं आपण शब्दांतच विचार करतो, कारण डोक्यात सतत आवाज चालू असतो, पण विचाराचा मोठा भाग त्या आवाजाशिवायही चालतो. अर्थात प्रत्येक अफेजियात विचार शाबूतच असतो असंही नाही, इजा मोठी असेल तर बाकीचंही बिघडतं, म्हणून प्रत्येक माणूस वेगळा तपासावा लागतो. धाकट्याचं ‘सगळं समजतं’ तेवढंच चूक होतं जेवढं मोठ्याचं ‘काहीच समजत नाही’.

समोर कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा म्हणजे अंगठा घेऊन मोकळं होणं. घराघरात हेच होतं आणि बऱ्याचदा कुणी प्रश्नही विचारत नाही. पण करार कायदा 1872 चा आहे आणि त्यात सरळ लिहिलंय की करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि आपल्या हिताचा विचार करता आला पाहिजे. न समजता घेतलेला अंगठा उद्या धाकट्याने कोर्टात नेला असता तर गोडाऊन, घेणारा आणि दोघं भाऊ, सगळेच अडकले असते. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी ज्या माणसाने चाळीस वर्षं ते गोडाऊन सांभाळलं त्याचं बोट धरून शाईत बुडवायचं हे मला पटणारच नव्हतं.

दुसरा, पालक नेमून घेणं. अपंग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच. पण त्याच कायद्यात इतरांसारखाच कायदेशीर हक्क अपंग व्यक्तीला आहे असंही आहे, मग आधी त्यांना विचारून तर बघू, हे वकिलालाही पटलं.

तिसरा, थांबणं. झटक्यानंतरची सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, त्यामुळे विक्रीसारखी मोठी गोष्ट थोडी पुढे ढकलली तर फायदाच. मोठ्याची अडचण ही की दवाखान्याचं कर्ज थांबायला तयार नव्हतं.

आम्ही ठरवलं ते असं की विक्री थांबवायची, बँकेचं रोजचं काम अडू द्यायचं नाही, आणि मधल्या काळात काकांना विचारण्याची एक भरवशाची पद्धत बसवायची.

एक वाद थेरपीच्या भाषेवरूनही झाला. धाकट्याने इंग्रजी-हिंदी ॲप शोधून पाठवलं होतं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणायचा आधी शिकलेली भाषा आधी परत येते, पित्र या फ्रेंच डॉक्टरने 1895 मध्ये मांडलं की जास्त वापरातली येते, आणि प्रत्यक्षात बऱ्याच जणांच्या भाषा बरोबरीने सुधारतात. काकांची पहिली भाषा मराठी, दिवसभराची हिंदी. मी वाक्यांचा सराव घरच्या मराठीत ठेवला, कारण सराव घेणार काकू आणि सून, त्यांनी दिवसभर त्या भाषेत बोलायला हवं. हिंदी बाजारातल्या मित्रांवर सोडली.

काय केलं

सुनेला बसवून सगळं समजावलं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची, छोटं वाक्य, मग गप्प बसून वाट बघायची. ‘हाव’ ऐकून पुढे जायचं नाही, डाव्या हाताचा अंगठा वर का खाली ते बघायचं. ओरडून बोलायचं नाही, काका बहिरे नाहीत. टीव्ही बंद. नातींनी हे सगळ्यात लवकर उचललं, मोठ्या माणसांना गप्प बसणं जड जातं.

पैशाच्या प्रश्नासाठी बोलणंच काढून टाकलं. दुकानातल्या रोजमेळासारखं कागदावर मधोमध रेघ, डावीकडे जमा (त्याच्याकडून आलेलं), उजवीकडे नावे (त्याला दिलेलं). हे काकांच्या हाडात होतं, शिकवायची गरज नाही. त्या व्यापाऱ्याचा लग्नातला फोटो सुनेने मोबाइलमधून प्रिंट करून आणला. फोटो समोर ठेवून काकांच्या हातात पेन दिला. त्यांनी त्याच्या नावे 3,60,000 लिहिलं, जमेला 1,10,000, आणि खाली 2,50,000, त्याखाली दोन रेघा. म्हणजे देणं नव्हतंच, येणं होतं! मोठा मुलगा काही बोललाच नाही बराच वेळ.

पण एकदा लिहिलं म्हणून मी ते धरलं नाही. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, मध्ये दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांचे फोटो मिसळले, कागद उलटा फिरवला, एकदा मुद्दाम चुकीचा आकडा लिहून दाखवला. तो त्यांनी रागाने खोडला. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं आणि मुलगे खोलीत असले काय, नसले काय, फरक पडला नाही.

याच काळात पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जायला काढतात त्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली. इतवारी-महालात त्या दिवशी काय गर्दी असते ते नागपूरकरांना सांगायला नको. काकांना खुर्चीवर गॅलरीत बसवलं होतं, खालून पिवळी मारबत जाताना लोक ओरडले आणि त्यांच्याबरोबर काकाही खणखणीत ओरडले, ‘घेऊन जाऽऽ गे मारबत!’ अख्खं वाक्य. घरात नुसता जल्लोष. संध्याकाळी मोठ्याचा फोन, ‘मॅडम, बाबा बोलले! आता रजिस्ट्री करून घेऊ का?’

हा सगळ्यात नाजूक टप्पा होता. पाठ झालेलं बोलणं, म्हणजे आरती, पाढे, शिव्या, अशा घोषणा, हे नव्याने वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं, ह्युलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच हे टिपलंय. काका दीडकी घडाघडा म्हणायचे म्हणून ते हिशोब समजतात असं मी धरलं नव्हतं, त्यासाठी नवं गणित घातलं होतं. तसंच मारबतीच्या आरोळीवरून ते मुखत्यारपत्र समजतात असं धरता येत नाही. त्या आनंदावर पाणी टाकायचं जिवावर आलं, पण सांगितलं. आणि ती आरोळी थेरपीत वापरली मात्र, डाव्या हाताने ताल देत सूर लावून छोटी वाक्यं म्हणायची पद्धत 1973 पासून वापरात आहे, ‘चहा देऽऽ’ हे काकांचं पहिलं नवं वाक्य त्याच चालीवर आलं.

मुखत्यारपत्राचे आम्ही चित्रांसकट तुकडे केले. बँक, वीजबिल, दुकानाचा माल, गोडाऊन विकणं, गोडाऊन भाड्याने देणं, प्रत्येकाचं वेगळं कार्ड. मोठ्याचा फोटो, धाकट्याचा, दोघांचा एकत्र, आणि स्वतः काकांचा. कोणतं काम कोणाकडे ते त्यांनी कार्डं सरकवून लावायचं. न्यूरोलॉजिस्टच्या समोर, दोन वेगवेगळ्या दिवशी, व्हिडिओ करून.

काय झालं

बँक, बिलं, माल मोठ्याकडे गेलं. गोडाऊन विकण्याचं कार्ड काकांनी स्वतःच्या फोटोखाली ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले. भाड्याचं कार्ड दोघा भावांच्या फोटोखाली. दोन्ही दिवशी तसंच.

कुलमुखत्यारपत्र फाडून वकिलाने ठरावीक कामांपुरतं विशेष मुखत्यारपत्र केलं. नोंदणी कायद्यात आजारी माणसासाठी अधिकारी घरी येण्याची सोय आहे, तिचा उपयोग केला, आलेल्या अधिकाऱ्यांनी कार्डांची पद्धत शांतपणे पाहून घेतली. गोडाऊनचा अर्धा भाग भाड्याने गेला, कर्जाचे हप्ते सुरू झाले.

व्यापाऱ्याचं प्रकरण मात्र अर्धवट राहिलं. बँकेच्या पासबुकात 1,10,000 ची नोंद सापडली, तेवढं काकांच्या कागदाशी जुळलं. बाकी रोखीचा व्यवहार, तो मानायला तयार नाही, आणि काकांना तो कधी, कुणासमोर झाला हे सांगता आलं नाही. खूप प्रयत्न केले, कॅलेंडर, सणांची चित्रं, पण ते थकून कागद ढकलून द्यायचे. शेवटी इतकंच झालं की त्याने साडेतीन लाख मागणं सोडलं.

बोलणं आता दोन-तीन शब्दांचं आहे. दुकानात रोज तासभर बसतात, जुना दलाल आला की ‘क्या भाव’ सहज निघतं. कोणी-कोणाला वाली वाक्यं अजून चुकतात. बोलण्या-भाषेचं अपंगत्व 2016 च्या कायद्यात आहे आणि त्यात अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, ते प्रमाणपत्र काढायला दिलंय. धाकटा महिन्यातून एकदा येतो, भाऊ एकमेकांशी कामापुरतं बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी दहा मिनिटं बसून सांगायला हवं होतं की यांना काय समजतंय आणि काय नाही, आणि हो-नाहीवर विसंबू नका. ते दीड-दोन महिने जे गेले त्यात काका घरात होते आणि त्यांच्याच समोर त्यांच्या गोडाऊनचा सौदा चालू होता. समजत होतं त्यांना. काकू सांगतात त्या दिवसांत ते जेवायचे नाहीत, घरच्यांनी औषधाने भूक मेली असं धरलं. झटक्यानंतर निराशा येणं खूप सामान्य आहे आणि बोलता न येणाऱ्या माणसात ती ओळखणं अवघड, त्यामुळे ती तपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी होती, आमच्याकडे ती थेरपीच्या मध्यावर झाली.

धाकट्याला पहिल्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर बसवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. त्याने वडिलांचा हात नाही म्हणताना आणि तोंड हाव म्हणताना स्वतः पाहिलं तेव्हाच त्याचा भावावरचा संशय थोडा कमी झाला. त्याआधी तो फोनवर ‘बाबा, दादा बरोबर करतोय ना?’ विचारायचा, आणि पलीकडून येणारा ‘हाव ना’ दोघं भाऊ आपापल्या सोयीने ऐकायचे.

कार्डांमध्ये एक कार्ड आम्ही ठेवलं नव्हतं, ‘मला आत्ता ठरवायचं नाही’ असं. गोडाऊनच्या कार्डावर हात ठेवून बसणं म्हणजे ‘माझ्याकडे ठेवा’ असं आम्ही धरलं, डॉक्टरांनीही तसंच लिहिलं, आणि पुढे काकांनी भाड्याच्या करारावर खुशीने सही केली त्यावरून ते बरोबरच असावं. तरी आता प्रत्येक केसमध्ये ते कार्ड मी ठेवते, त्यावर एक बंद कुलूप काढलेलं असतं, आणि पेशंट ते बऱ्याचदा उचलतात.